कण्हेर : बागेतील झुडूप आणि औषधाचा प्रश्न
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी वैद्यकीय विभागाने एखादा मोठा आजार निवडावा, अशी प्रथा आहे. यंदा आम्ही एक झुडूप निवडले आहे. कण्हेर आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. ती अंगणात असते, देवळाच्या आवारात असते, शाळेच्या कुंपणाला असते आणि महामार्गाच्या दुभाजकात तर मैलोन्‌मैल असते. देवपूजेच्या तबकात तिची फुले असतात. आणि अलीकडे ती आमच्या बाह्यरुग्ण विभागातही येऊ लागली आहे, तीही फुलाच्या रूपाने नव्हे, तर प्रश्नाच्या रूपाने. कर्करोगाच्या रुग्णाचा मुलगा हळू आवाजात विचारतो, ‘‘डॉक्टर, कण्हेरीच्या पानांचा काढा दिला तर चालेल का?’’ हृदयविकाराच्या गोळ्या चालू असलेल्या आजोबांच्या सुनेला कोणीतरी सांगितलेले असते की या झाडात हृदयाचे औषध आहे. विचारणारे अडाणी नसतात. आपल्या माणसासाठी काहीही करून पाहण्याची तळमळ त्यांच्या प्रश्नामागे असते. त्या तळमळीला ‘असले काही करू नका’ एवढ्या शब्दांत वाटेस लावणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. ‘नको’ म्हणताना त्याचे कारण सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. आणि ते कारण वाटते तितके सरळ नाही, कारण कण्हेरीत औषध नाही असे कोणीही म्हणू शकत नाही.

प्रथम झाडाविषयी. जिला आपण कण्हेर म्हणतो तिचे शास्त्रीय नाव नेरियम ओलिएंडर. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून भारतापर्यंत आणि पुढे चीनपर्यंत ती पूर्वापार आढळते. पांढरी, गुलाबी, तांबडी, एकेरी आणि दुहेरी पाकळ्यांची, अशा तिच्या अनेक जाती बागांतून दिसतात. पाने लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, जाड आणि चिवट असून बहुधा एका पेऱ्यावर तीन-तीन अशी येतात. पिवळी कण्हेर ही हिची दूरची बहीण. पुष्कळ ठिकाणी तिला बिट्टी म्हणतात आणि तिच्या कठीण कोयी मुले खेळावयास घेतात. तिचे मूळ स्थान मेक्सिको, मध्य आणि दक्षिण अमेरिका हे होय. शास्त्रीय नाव कॅस्काबेला थेवेशिया, जुन्या ग्रंथांतून थेवेशिया पेरुव्हियाना. फुले घंटेसारखी, पाने अरुंद, आणि कोठेही मोडले की पांढरा चीक. दोघी एकाच कुळातल्या. या कुळातील इतर मंडळींकडे आपण पुढे वळणारच आहोत, कारण खरी कथा तेथे आहे.

बागायतदारांना कण्हेर का आवडते, हे वेगळे सांगावयास नको. पाणी कमी लागते, ऊन सोसते, खारवट जमीन चालते, धूर आणि धूळ यांची तक्रार करीत नाही, आणि गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. तिच्या पानाच्या पाठीमागील श्वसनरंध्रे उघड्यावर नसून लहान लहान खळग्यांत दडलेली असतात आणि त्या खळग्यांत बारीक लव असते. त्यामुळे पानातील पाणी सहजी उडून जात नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली हमखास दाखविले जाणारे हे पान आहे. जपानमधील हिरोशिमा शहराने १९७३ साली कण्हेरीस आपले नगरपुष्प म्हणून स्वीकारले. १९४५ च्या अणुस्फोटानंतर त्या होरपळलेल्या भूमीत प्रथम फुललेल्या झाडांत ती होती, अशी त्यामागची भावना आहे. एवढे चिवट झाड विरळा.

आपल्या परंपरेने या झाडास ‘करवीर’ म्हटले. कोल्हापूरकरांना हा शब्द निराळा सांगावयास नको. त्यांच्या क्षेत्राचे आणि तालुक्याचे तेच नाव आहे. परंतु आयुर्वेदाच्या निघंटूंनी याच झाडाला आणखी एक नाव दिले आहे : अश्वमारक, हयमारक, म्हणजे घोड्यास मारणारे. आम्हास या नावाचे फार कौतुक वाटते. आजकाल औषधी वनस्पतींवरील स्वस्त पुस्तिकांतून प्रत्येक झाडाचे गुणच गुण छापलेले असतात. आपल्या पूर्वसूरींनी मात्र दोष नावातच कोरून ठेवला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कुष्ठघ्न, म्हणजे त्वचारोगनाशक, अशा दहा द्रव्यांचा जो गण सांगितला आहे, त्यात खदिर, हरिद्रा, आरग्वध यांच्या पंक्तीला करवीर आहे. उत्तरकालीन ग्रंथांनी तीच कण्हेर उपविषांत मोजली; रुई, निवडुंग, धोतरा, कळलावी, गुंज आणि अफू या तिच्या सोबतिणी. तिचा वापर मुख्यतः बाहेरून : करवीराद्य तैलासारखी तेले, लेप, खरूज-नायटे-व्रणांवरील उपचार. पोटात द्यावयाची वेळ आलीच, तर आधी शोधन. दोलायंत्रात गाईच्या दुधात स्वेदन करून मगच.

आपल्या देशाचा कायदाही याच मार्गाने गेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील ‘ई-१’ या अनुसूचीत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे आणि तीत करवीराचा समावेश आहे. या यादीतील द्रव्य असलेल्या, पोटात घ्यावयाच्या तयार औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सावधानतेची सूचना ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. तेव्हा ‘आयुर्वेदात आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हा युक्तिवाद करणाऱ्यांनी आयुर्वेद वाचलेला नसतो, एवढेच आम्ही नम्रपणे सुचवितो. कण्हेर धोक्याची आहे, हे या देशात प्रथम आधुनिक डॉक्टरांनी सांगितलेले नाही. ते वैद्यांनी सांगितले.

आता ही कण्हेर शरीरात काय करते ते पाहू. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणावर एक सूक्ष्म पंप अखंड चालू असतो. तो आतील सोडियम बाहेर टाकतो आणि बाहेरील पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कचे येन्स ख्रिश्चन स्को यांनी १९५७ साली या पंपाचा शोध प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कण्हेरीतील ओलिएंड्रिन आणि पिवळ्या कण्हेरीतील थेवेटिन ही द्रव्ये नेमका हाच पंप अडवितात. मग पेशीत सोडियम साठते, त्यापाठोपाठ कॅल्शियम वाढते, आणि हृदयाचा स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. इथपर्यंत हे औषधच आहे. थकलेल्या हृदयाला जोर देणारे. परंतु पंप आणखी अडला की हृदयातील विद्युतसंदेशांचे वहन मंदावते, नाडी कमी कमी होत जाते, मधेच ठोके चुकतात, कधी हृदय भलत्याच गतीने धावू लागते, आणि बाहेर राहिलेले पोटॅशियम रक्तात वाढत जाते. गुण आणि घात यांचा उगम एकाच क्रियेत आहे. एक ठेवून दुसरा काढून टाकता येत नाही. हाती राहते ती फक्त मात्रा.

मात्रेचे महत्त्व कळावे म्हणून याच स्वभावाच्या एका विदेशी झाडाची हकीकत सांगितली पाहिजे. इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग यांच्याकडे १७७५ साली सर्वांगास सूज येण्याच्या विकारावरील एक गावठी काढा आला. त्यात अनेक वनस्पती होत्या. त्यांतील काम करणारी वनस्पती फॉक्सग्लोव्ह, म्हणजे डिजिटालिस, हे त्यांनी ओळखले आणि पुढील दहा वर्षे रुग्णांमागून रुग्ण पाहून १७८५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाची थोरवी अशी की ज्यांना गुण आला नाही आणि ज्यांना अपाय झाला, त्यांच्याही नोंदी त्यात आहेत. पान कोणत्या ऋतूत तोडावे, वाळवून चूर्ण कसे करावे, किती द्यावे आणि कोणती लक्षणे दिसताच थांबावे, हे सारे त्यांनी लिहिले. १९३० साली याच जातीच्या दुसऱ्या वनस्पतीपासून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे करण्यात आले. आज आपल्या औषधालयात त्याची जी गोळी मिळते, तीत ०.२५ मिलिग्रॅम औषध असते. एका ग्रॅमचा चार-हजारावा भाग. तरीही ही गोळी लिहून देताना रुग्णाचे वय, मूत्रपिंडाचे कार्य आणि रक्तातील पोटॅशियम आम्ही पाहतो. कारण एवढ्यातही कमी-अधिक झाले तर अपाय होतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ६,८०० रुग्णांवरील मोठ्या चाचणीत असे दिसले की डिगॉक्सिनमुळे हृदय अकार्यक्षम झालेल्या रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. मात्र रुग्णालयात भरती होण्याचे प्रसंग कमी झाले. दोनशे वर्षांच्या अभ्यासानंतरचा हा हिशेब आहे. कण्हेरीच्या पानाच्या काढ्यात ओलिएंड्रिन किती उतरले, हे सांगणारे कोणतेही माप घराच्या स्वयंपाकघरात नाही. झाडागणिक, ऋतूगणिक आणि भागागणिक ते बदलते.

ज्या रुग्णांना आधीच डिगॉक्सिन चालू आहे, त्यांच्या नातेवाइकांना आमची येथे विशेष विनंती आहे. कण्हेर पोटात गेल्यास तिचा परिणाम त्या गोळीच्या परिणामात मिळतो, त्याला पर्याय होत नाही. म्हणजे नकळत दुप्पट-तिप्पट मात्रा दिल्यासारखे होते.

आपल्या देशात कण्हेरीपासून हृदयाचे औषध करण्याचा प्रयत्न झाला नाही, असेही नाही. पिवळ्या कण्हेरीच्या बियांतील पेरुव्होसाइड या द्रव्याचा भारतीय संशोधकांनी १९६० च्या दशकात अभ्यास केला, हृदय अकार्यक्षम झालेल्या रुग्णांवर त्याच्या चाचण्याही झाल्या आणि जर्मनीत ते ‘एन्कॉर्डिन’ या नावाने औषध म्हणून विक्रीस आले होते. वैद्यकाच्या नित्य व्यवहारात मात्र ते टिकले नाही. टिकले ते डिगॉक्सिन.

कर्करोगाच्या बाबतीतील प्रश्न अधिक नाजूक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तुर्कस्तानातील एका शल्यचिकित्सकांनी १९६० च्या दशकापासून कण्हेरीच्या पानांचा गरम पाण्यातील अर्क कर्करुग्णांना देण्याचा पुरस्कार केला. पुढे ‘अँव्हिरझेल’ या नावाने तो अर्क ओळखला जाऊ लागला. त्याची पहिल्या टप्प्याची चाचणी अमेरिकेत झाली व २००६ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. १८ रुग्ण होते. एकाचीही गाठ मोजण्याइतकी आकसली नाही. त्यानंतर ‘पीबीआय-०५२०४’ हा कण्हेरीचा दुसरा, अधिक काटेकोरपणे तयार केलेला अर्क आला. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर त्याची दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. जे उद्दिष्ट आधी ठरविले होते ते गाठता आले नाही. काचेच्या बशीतील कर्कपेशी ओलिएंड्रिनने मरतात, हे खरे आहे. परंतु बशीत कर्कपेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात. प्रश्न असा असतो की त्या मरतील एवढी मात्रा पोचेपर्यंत रुग्णाचे हृदय चालू राहील काय. २०२० साली कोविडच्या काळात हेच पुन्हा घडले. प्रयोगशाळेतील पेशींवर ओलिएंड्रिनचा विषाणूविरुद्ध परिणाम दिसला, बातम्या झाल्या, मोठमोठ्या लोकांनी तिचा गाजावाजा केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओलिएंड्रिनला पूरक आहारातील घटक म्हणून मान्यता देण्यास नकार दिला. आमच्याकडे मात्र त्या बातमीचा केवळ पूर्वार्ध घेऊन लोक पुढेही येत राहिले. नकाराच्या बातमीला पाय नसतात.

हे सारे ऐकून कोणास वाटेल की वनस्पतींकडे पाहण्याचे आमचे धोरणच नकाराचे आहे. तसे नाही, आणि त्याचा पुरावा कण्हेरीच्या कुळातच आहे. सर्पगंधा याच कुळातली. तिचे मूळ आपल्या वैद्यांना शतकानुशतके माहीत होते. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व मनोविकार यांवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. त्यानंतर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी केली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या एका निबंधाने जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात, नोंदवहीत रोजचा रक्तदाब लिहून लिहून हे काम झाले, याचा आम्हास अभिमान वाटतो. पुढे रेसर्पिनमुळे काही रुग्णांस औदासीन्य येते असे दिसले, मात्रा कमी करण्यात आल्या, आणि त्याहून चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. औषधाचे असेच व्हावयास हवे.

सदाफुलीही याच कुळातली. मादागास्कर बेटावरून जगभर पसरलेली. मधुमेहावर तिच्या पानांचा काढा अनेक देशांत घेतात. त्याची परीक्षा करावी म्हणून कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात प्रयोग केले. उंदरांची साखर काही उतरली नाही. पण त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. शोधकाने येथे निराश होऊन वही मिटली असती, तर फार मोठी हानी झाली असती. पांढऱ्या पेशी घटतात तर पांढऱ्या पेशींच्या कर्करोगावर हे चालेल काय, असा प्रश्न त्यांनी विचारला. त्यातून व्हिनब्लास्टिन आले आणि पाठोपाठ, अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, व्हिन्क्रिस्टिन. १९६३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे. शेकडो किलो वाळलेली पाने वापरावी तेव्हा एखादा ग्रॅम द्रव्य मिळते, आणि ते शिरेतून, मोजून, तज्ज्ञाच्या हाताखालीच द्यावे लागते. तेव्हा अंगणातील सदाफुलीची चार पाने चावून रक्ताचा कर्करोग बरा होत नाही. आणि तिच्याच भरवशावर मधुमेहाची गोळी बंद करणारे रुग्ण आम्हास वाढलेली साखर घेऊन भेटतात.

एकाच कुळातील तीन झाडे : एकीने औषध देऊन निवृत्ती घेतली, दुसरी आजही मुलांचे प्राण वाचविते, आणि तिसरी, म्हणजे आपली कण्हेर, अजून दाराबाहेर उभी आहे. उद्या तिच्यातूनही काही हाती लागेल. आम्हास तसे झालेले हवेच आहे. पण ते चाचणीच्या दारातून यावे, काढ्याच्या पातेल्यातून नव्हे.

कण्हेरीची बाधा झालेला रुग्ण कसा दिसतो? प्रथम मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब, चक्कर. कोणालाही वाटावे की बाहेरचे काही खाण्यात आले. काहींना वस्तू पिवळसर किंवा अंधुक दिसतात. त्यानंतर नाडी मंदावते. धोका या क्रमातच आहे. उलटी थांबली, बरे वाटले, म्हणून घरी ठेवलेला माणूस काही तासांनी हृदयाच्या गतीतील बिघाडाने कोसळू शकतो. म्हणून असा रुग्ण आम्ही तो धडधाकट दिसत असला तरी दाखल करतो, हृदयालेख पुनःपुन्हा काढतो आणि पोटॅशियम तपासतो. रक्तातील डिगॉक्सिन मोजण्याच्या चाचणीत कण्हेरीचे द्रव्य अंशतः उमटते. त्यामुळे संशय पक्का होतो, पण आलेला आकडा किती लहान वा मोठा यावरून आजाराची तीव्रता ठरविता येत नाही. नाडी फारच मंदावली तर ॲट्रोपिन, आणि तेवढ्याने भागले नाही तर तात्पुरता पेसमेकर.

या विषावर खरा उतारा आहे, तो डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडांचा. त्याचा पुरावा श्रीलंकेने जगास दिला. तेथे १९८० च्या दशकापासून पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेने फार मोठ्या संख्येने, विशेषतः तरुण, रुग्ण दाखल होत आले. तेथील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह ६६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत उतारा दिलेल्यांची हृदयगती दोन तासांतच लक्षणीयरीत्या सुधारली; २००० साली ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला. अडचण एकच : किंमत. विलायतेत डिगॉक्सिनच्या अतिमात्रेसाठी बनविलेले हे औषध ग्रामीण आशियातील रुग्णांच्या आवाक्यात नाही, आणि आपल्या देशातही ते सहजी मिळत नाही. म्हणून स्वस्त उपायाचा शोध सुरू झाला. प्रक्रिया केलेला कोळसा, जो पोटातील विष शोषून घेतो, तो वारंवार दिल्यास लाभ होतो असे २००३ मधील चारशे रुग्णांच्या चाचणीत दिसले. सर्वांस आनंद झाला. २००८ मध्ये कण्हेर व इतर विषबाधेच्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत तो लाभ दिसला नाही. गरीब देशांच्या आजारावर गरीब देशांतच एवढ्या निष्ठेने संशोधन होते, आणि आलेले नकारार्थी उत्तरही लपविले जात नाही, याबद्दल आम्हास त्या डॉक्टरांविषयी नितांत आदर आहे.

एप्रिल २०२४ मध्ये केरळात घडलेली घटना आपणापैकी अनेकांनी वाचली असेल. परदेशी नोकरीसाठी निघालेल्या एका तरुण परिचारिकेने घराबाहेर फोनवर बोलता बोलता कण्हेरीची पाने सहज तोंडात टाकून चघळली, विमानतळावर तिची प्रकृती बिघडली आणि पुढे ती दगावली. मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम् मंडळांनी आपल्या देवळांत नैवेद्य व प्रसाद यांसाठी कण्हेरीच्या फुलांचा वापर बंद केला. आमच्या मते हा निर्णय योग्य होता. देवाला वाहिलेले फूल आणि हातावर पडणारा प्रसाद यांत अंतर राहिले पाहिजे. आपल्याकडे गणपतीला आणि देवीला तांबडी कण्हेर वाहतात. ती खुशाल वाहावी. पंचामृताच्या वाटीत मात्र तिची पाकळी पडू नये.

त्याचबरोबर भीतीचाही अतिरेक नको. कण्हेरीच्या काड्यांवर मांस भाजून खाल्ल्याने सैनिकांची तुकडीच मेली, अशी एक कथा युरोपात फार जुनी आहे आणि ती भारतीय पुस्तकांतूनही फिरते. अमेरिकेतील संशोधकांनी अशा काड्यांवर सॉसेज भाजून मोजणी केली, तेव्हा त्यांत उतरलेले विष नगण्य निघाले. मुलाने पानाचा तुकडा तोंडात धरला आणि थुंकून टाकला, तर बहुतेक वेळा गंभीर काही होत नाही. तरीही ते ठरविण्याचे काम घरच्यांनी करू नये. रुग्णालयात यावे, येताना झाडाची पाने-फुलांसह एक डहाळी आणावी, किती वाजता आणि साधारण किती पोटात गेले ते सांगावे. मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र कार्यरत आहे व ते डॉक्टरांप्रमाणेच सामान्य नागरिकांनाही दूरध्वनीवर अहोरात्र मार्गदर्शन करते.

शेतकरी बांधवांसाठी एक सूचना. हिरवी कण्हेर जनावर टाळते. पण छाटलेल्या फांद्या वाळल्या की कडवटपणा जाणवेनासा होतो आणि विष मात्र तसेच राहते. छाटणीचा पाला गोठ्याजवळ, चाऱ्याच्या गंजीजवळ टाकू नये, पाण्याच्या हौदात पडू देऊ नये, आणि तो जाळून धूरही करू नये.

आता आवारातील बागेविषयी. एका देणगीदार कुटुंबाने मातोश्रींच्या स्मरणार्थ येथे औषधी वनस्पतींची बाग करण्याचे योजिले आहे आणि त्यांच्या यादीत तुळस, अडुळसा, गुळवेल, शतावरी, सदाफुली यांसह कण्हेरही आहे. विश्वस्तांनी आमचे मत मागविले. ती काढून टाकावी, असे आम्ही म्हटलेले नाही. रस्त्याकडील भिंतीलगत, जेथे धूळ आणि ऊन दोन्ही आहेत आणि दुसरे काही जगत नाही, तेथे तिची रांग लावावी. बालरुग्ण विभाग, प्रसूती विभाग आणि नातेवाइकांच्या चुलीची ओसरी यांपासून ती दूर असावी. पिवळी कण्हेर मात्र नको, कारण तिच्या कोयी मुलांना खेळण्यासारख्या वाटतात. फलकावर इतर झाडांचे उपयोग लिहावेत. कण्हेरीच्या फलकावर ‘करवीर, अश्वमारक’ ही दोन्ही नावे लिहावीत आणि खाली ‘कोणताही भाग पोटात घेऊ नये’ एवढेच. कुटुंबाने हे तत्काळ मान्य केले, एवढेच नव्हे तर फलकांचा खर्चही उचलला.

त्यांनी आम्हास आणखी एक प्रश्न विचारला, तो आपल्यापुढे ठेवतो. बागेसाठी ठेवलेल्या रकमेतून काही शिल्लक राहिल्यास ती कशास लावावी? आम्ही उत्तर दिले : अतिदक्षता विभागात तात्पुरत्या पेसमेकरचा एक जादा संच आणि त्याच्या तारा. कण्हेर असो, शेतावरील कीटकनाशक असो वा हृदयविकाराचा झटका असो, नाडी मंदावलेला रुग्ण रात्री दोन वाजता दाराशी येतो तेव्हा एकच संच असून चालत नाही. या संचाची किंमत व त्यासंबंधीचा तपशील अहवालाच्या शेवटी, आवश्यक साधनांच्या यादीत दिला आहे. ज्यांना हातभार लावावयाचा असेल, त्यांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.